मूळची फियाट कोणती?

किल्ल्याचा बुरूज ढासळला की आपण हळहळतो. जुन्या बखरीचे एखादे पान वाळवीने खाल्ले, तर संशोधक मंडळी वर्तमानपत्रांतून पत्रे लिहितात. पण ज्या यंत्रांनी गेल्या शतकात आपल्या घरांचे, गावांचे आणि धंद्यांचे रूप पालटून टाकले, त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. जुनी मोटार म्हटली की एक तर भंगारवाल्याचा काटा आठवतो, नाही तर लग्नाच्या वरातीतली फुलांची सजावट! या दोहोंच्या मधे तिची काही जागा आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. त्या वेळी मी १९६८ सालची, नवल वाटावे इतक्या सुस्थितीत राहिलेली एक फियाट विकत घेतली. आणि आठ दिवसांच्या आतच तिच्यात काय काय बदल करावेत याच्या याद्या घरात तयार होऊ लागल्या.

त्या याद्यांकडे वळण्यापूर्वी ही गाडी आली कोठून, ते थोडक्यात पाहू.

मुंबईत मोटारी जोडण्याचे काम प्रथम परकी कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर सुरू केले. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना थाटला. फोर्डही मागोमाग आली. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे, येथे ते जोडावयाचे, आणि गाडी ‘तयार’ व्हावयाची. गाडी आपल्याच देशात घडावी, हा ध्यास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी घेतला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टींच्या मागे हा एकच पुरुष लागला होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या होत्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा अमेरिकन वाणाच्या. १९५३ साली वालचंद निवर्तले. त्याच वर्षी, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा आणि खरोखर गाड्या घडविणाऱ्यांनीच राहावे, असे धोरण शासनाने ठरविले. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. मोटारींचा बाजार मुख्यत्वे कलकत्त्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर यांच्या हाती राहिला.

त्याच १९५३ साली इटलीच्या फियाट कंपनीने जिनीव्हाच्या प्रदर्शनात आपली नवी ‘अकराशे’ लोकांपुढे मांडली होती. तिचे इंजिन १०८९ सी. सी.चे. ते मात्र नवे नव्हते. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हातून ते १९३७ सालीच उतरले होते. नवा होता तो सांगाडा. वेगळी चासी आणि तिच्यावर बसविलेली पेटी ही जुनी पद्धत सोडून सबंध गाडीचा पत्राच भार पेलील अशी रचना तिच्यात केलेली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. १९५४ पासून ही गाडी कुर्ल्यास होऊ लागली. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असत आणि तिचा गोलमटोल घाट पाहून मुंबई-पुण्याच्या लोकांनी तिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले. नाव ओबडधोबड, पण त्यात माया होती. १९६४ साली चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. इटलीत अकराशेचे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यास मात्र तीच गाडी, फियाटचे नाव गेल्यावर काही काळ ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ होऊन, पुढे जवळजवळ पाव शतक निघत राहिली. माहेर विसरले, पण सासरी तिने संसार केला!

या गाडीने मध्यमवर्गाच्या आयुष्यात कोणती जागा घेतली होती, हे एका उदाहरणाने कळेल. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. फियाटची किंमत बारा हजारांच्या घरात. पुरेसे पैसे जवळ नव्हते म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले, आणि ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, असे त्यांच्या मुलांनी सांगितले आहे. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. पंतप्रधानाची ही कथा, तेथे इतरांची काय? नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहात, आणि एकदा दारात आलेली गाडी मुलीसारखी सांभाळीत.

मी घेतलेली गाडी अशाच एका घरातली. पाटण तालुक्यात दवाखाना चालविणाऱ्या एका डॉक्टरांनी ती १९६८ च्या उन्हाळ्यात घेतली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने होत होते. डॉक्टर गेले, पुढे त्यांच्या कन्येने ती गाडी पुण्यात गॅरेजमध्ये झाकून ठेवली. वर्षातून चार-सहा वेळा इंजिन सुरू करावे, हवा-पाणी पाहावे, एवढा नेम तिने चुकू दिला नाही. गाडीबरोबर तिने मला एक जाड वही दिली. डॉक्टरांच्या हातची. तीत पेट्रोल, तेल, टायर यांचे हिशेब आहेत. आणि त्यांच्याच मधे रोग्यांच्या गावांची नावे, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ. पहिल्या वर्षाच्या पानांवर ‘पत्र्याच्या शेडमध्ये तपासणी’ ही नोंद पुनःपुन्हा येते. भूकंपात घरे गेलेल्या लोकांची वस्ती ती.

“गाडी तुम्ही वापरा, शोभेला ठेवू नका. पण ओळखू येईल अशी राहू द्या, भाऊ,” एवढेच त्या बाई म्हणाल्या. मागणी साधी, पण तिच्या दोन वाक्यांतच सगळा पेच होता.

आता त्या याद्या. माझा मुलगा अभियंता आहे. त्याचे म्हणणे, “बाबा, पत्रा जुना राहू द्या, आतले सगळे नवे करू. हल्लीचे इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, वातानुकूलन. दिसायला १९६८, चालायला आजची.” दुसरी यादी मोटारींचा शौक असलेल्या एका स्नेह्यांची. ते म्हणाले, “काहीही नवे घालू नका, उलट डॉक्टरांनी जे जोडले आहे ते सारे काढा. कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करा.” तिसरी यादी आमच्या मिस्त्रींची, आणि ती सर्वांत लहान: “साहेब, गाडी चांगली आहे. रबर आणि वायर बदला, बाकी हात लावू नका.”

मुलाच्या सूचनेला मी लगेच नाही म्हटले नाही. कारण बदल म्हणजे अपमान, असे फियाटच्या इतिहासात मुळीच नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी घ्या. टपावर कॅरिअर, डिकीत गॅसची टाकी, बैठकांवर झगमगते कापड, किती फेरफार तिने अंगावर झेलले! त्या फेरफारांच्या जोरावरच ती जगली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. पण फरक हाच आहे. हजारो गाड्या धावत असताना एकीचे इंजिन बदलले तर इतिहासाचे काही बिघडत नाही. मोजक्या उरल्या म्हणजे उरलेली प्रत्येक गाडी दप्तरातल्या कागदासारखी होते. चलनी नोट खर्च करावी. शिवकालीन होन कोणी वाण्याला देत नाही.

शिवाय यंत्राचाही विचार आहे. या इंजिनाची ताकद चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीची. वातानुकूलनाचा पंप त्याच्या गळ्यात बांधला तर चढावर गाडी धापा टाकू लागणार. दुप्पट ताकदीचे इंजिन बसवावे, तर ब्रेक, आस, स्प्रिंगा सारेच बदलावे लागते. आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे या गाडीत पत्राच भार पेलतो. नव्या इंजिनासाठी तो कापला म्हणजे गाडीचा कणाच कापला. कायद्याचेही बंधन आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते बंधन स्पष्ट केले आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळू शकते. सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केला असेल तर ती मिळत नाही. पण अशी नोंदणी केली की प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. ‘शोभेला ठेवू नका’ हे शब्द मला आठवत होते. म्हणून मी साधी नोंदणीच चालू ठेवली.

स्नेह्यांची यादी मात्र अधिक अवघड होती, कारण ती शुद्धतेच्या नावाने आलेली होती. डॉक्टरांनी पुढच्या बंपरवर एक पिवळा दिवा बसविला होता. कुंभार्ली घाटातल्या धुक्यासाठी. डॅशबोर्डाखाली इंजेक्शनची पेटी बसेल एवढा सागवानी खण होता. मागच्या दाराच्या वर सलाइनची बाटली टांगण्यासाठी एक आकडा होता, आणि त्यासाठी पत्र्याला पाडलेली दोन भोके. स्नेह्यांच्या हिशेबी हे सगळे डाग. मी वही उघडून पाहिली. आकडा बसविल्याची तारीख तीत आहे, आणि त्याच पानावर चार दिवस आधी, कऱ्हाडच्या वाटेवर दगावलेल्या एका बाळंतिणीची नोंद आहे. तो आकडा काढून भोके बुजविली, तर गाडी कुर्ल्याच्या कारखान्याशी प्रामाणिक राहील. पाटण तालुक्याशी राहणार नाही.

हा वाद मोटारींपुरता नाही. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात असे तत्त्व आहे की वास्तूवर निरनिराळ्या काळांत जी योग्य भर पडली तिचा मान राखावा. सगळे खरवडून एकाच काळाचे रूप आणणे हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही या शतकात एक सनद स्वीकारली. तिचे नाव ट्यूरिनचे, म्हणजे फियाटच्याच गावाचे. नंतरच्या काळात करावयाचे बदल डोळ्यांत न भरणारे असावेत, शक्यतो परत फिरविता येतील असे असावेत, आणि काढलेले भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. आमच्या मिस्त्रींनी या सनदा वाचलेल्या नाहीत. पण त्यांच्या यादीत आणि या सनदांत मला फारसे अंतर दिसले नाही.

शेवटी मी ठरविले ते असे. इंजिन तेच. स्टिअरिंगजवळचा गिअर तोच. रंग उडाला आहे तेथे उडालेलाच. ब्रेक ड्रमचेच, पण त्यांचे अस्तर, नळ्या आणि सिलिंडर नवे. सगळी वायर नवी, कारण जुन्या वायरीने पेट घेतला तर जतन कशाचे करावयाचे? रात्री दिवे मंद होतात म्हणून डायनमोच्या जागी अल्टरनेटर. तो मूळच्याच बोल्टांवर बसतो. दिवा, खण आणि आकडा जागच्या जागी. वातानुकूलन नाही, खिडक्या आहेत.

आणि एक बदल असा, की जो परत फिरविता येणार नाही. या गाडीला सुरक्षापट्टे मुळात नव्हतेच. ते लावायचे तर मधल्या खांबांत आणि तळाच्या पत्र्यात भोके पाडून आतून पट्ट्या द्याव्या लागतात. स्नेही दुखावले. मी त्यांना एवढेच म्हणालो की डॉक्टरांनी एका जिवासाठी पत्रा भोसकला होता. माझ्या घरची माणसे या गाडीत बसणार आहेत. नियम गाडीसाठी करावेत, पण माणूस आधी.

काढलेला डायनमो आज कापडात बांधून माळ्यावर ठेवला आहे. केव्हा काढला आणि का, याची चिठ्ठी त्याला बांधली आहे. डॉक्टरांच्या वहीत पुष्कळ पाने कोरी होती. तीत मी पुढे लिहू लागलो आहे: तेल, टायर, पट्ट्यांची भोके, कारणे, तारखा. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला माझे निर्णय पटतीलच असे नाही. पण त्याला ते वाचता येतील, आणि त्यांतले बरेचसे परतही फिरविता येतील.