युरेनियमचे सूत्र आणि सहावा गण

आवर्तसारणी शिकवताना आपण गणावरून संयुजा आणि संयुजेवरून सूत्र काढतो. सोडियम पहिल्या गणात, क्लोरीन सतराव्या. म्हणून प्रमाण एकास एक. ही रीत किती भरवशाची, याची एक अवघड कसोटी युरेनियमवर लागली.

१८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी पहिली सारणी मांडली, तेव्हा युरेनियमचा अणुभार १२० च्या आसपास समजला जाई. त्याच्या एका ऑक्साइडमध्ये वजनाने २४० भाग युरेनियमबरोबर ४८ भाग ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनचा अणुभार १६, म्हणजे त्याचे अणू ३. मग युरेनियमचे किती? अणुभार १२० धरला तर २, २४० धरला तर १. नुसत्या वजनांवरून निवाडा होत नाही.

सारणीत १२० च्या आसपास मात्र युरेनियमला शोभेल अशी जागा नव्हती. मेंडेलीव्ह यांनी अणुभार दुप्पट केला आणि १८७१ च्या सारणीत युरेनियमला सहाव्या गणात, क्रोमियम, मॉलिब्डेनम व टंगस्टनच्या पंगतीत बसवले. या तिघांच्याही ट्रायऑक्साइडमध्ये धातूच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे ३ अणू असतात. पुढे युरेनियमच्या संयुगांच्या वाफेची घनता मोजली गेली, तेव्हा मोठा अणुभारच बरोबर ठरला. आज तो २३८ मानतात.

हेच युरेनियम ट्रायऑक्साइड मुंबईच्या पूर्व उपनगरांत, तुर्भे येथे, कामी आले. तिथल्या अणुशक्ती संस्थेत (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) जानेवारी १९५९ मध्ये शुद्ध युरेनियम धातूची पहिली लगड तयार झाली. आधी ट्रायऑक्साइड, त्यापासून डायऑक्साइड, मग टेट्राफ्लुओराइड आणि शेवटी धातू, असा हा क्रम. प्रत्येक पायरीवर कोणते द्रव्य किती लागेल, हे सूत्रावरूनच ठरते.

या क्रमातच रीतीची मर्यादाही दिसते. डायऑक्साइड व टेट्राफ्लुओराइडमध्ये युरेनियमची संयुजा ६ नसून ४ आहे. सहाव्या गणावरून फक्त सर्वांत मोठी संयुजा कळली होती. प्लुटोनियम तर ऑस्मियमसारखे असेल असा अंदाज होता. ऑस्मियम टेट्रॉक्साइड देते, प्लुटोनियमचे स्थिर ऑक्साइड मात्र डायऑक्साइड निघाले. १९४४ मध्ये सीबोर्ग यांनी या मूलद्रव्यांसाठी ॲक्टिनाइडांची स्वतंत्र ओळ सुचवली. युरेनियमचा सहावा गण सुटला, पण ट्रायऑक्साइडचे सूत्र तसेच राहिले.

वर्गात २४० आणि ४८ हे दोनच आकडे देऊन सूत्र विचारून पाहावे. ‘पण अणुभार किती धरायचा?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर तो मेंडेलीव्ह यांच्याच प्रश्नाशी पोचला असे आपण समजू.