‘येस मिनिस्टर’मागचे दोन नट

मंत्री बोलतो, सचिव ऐकतो आणि अखेरीस सचिवाच्याच मनासारखे होते, या एवढ्याशा सूत्रावर बीबीसीने २५ फेब्रुवारी १९८० रोजी ‘येस मिनिस्टर’ ही मालिका सुरू केली. तिचा नमुना भाग आधीच तयार होता. परंतु १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत राजकारण्यांची थट्टा नको, म्हणून ती थांबवून ठेवण्यात आली होती. १९८८ पर्यंत ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ मिळून तिचे ३८ भाग झाले. भारतातील वाचकांना या संवादांची ओळख पुस्तकांमुळेही आहे आणि २००१ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या ‘जी मंत्रीजी’ या हिंदी रूपांतरामुळेही. त्यात फारूख शेख मंत्री होते, तर जयंत कृपलानी सचिव. मूळ मालिकेत जिम हॅकर साकारणारे पॉल एडिंग्टन आणि सर हम्फ्री साकारणारे नायजेल हॉथॉर्न यांची कारकीर्द मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

मालिका सुरू झाली तेव्हा दोघेही पन्नाशीला आलेले होते. एडिंग्टन बावन्न वर्षांचे, हॉथॉर्न पन्नास. इतक्या उशिरा नाव होणे हे ब्रिटिश विनोदी नटांच्या बाबतीत नवलाचे नाही. गावोगावच्या रेपर्टरी नाट्यसंस्थांतून नट घडण्याचा तो काळ. थोड्या दिवसांच्या तालमीवर नाटक उभे राही आणि ते चालू असतानाच पुढच्या नाटकाची तालीम सुरू होई. आज नोकर, उद्या उमराव, परवा खुनी! या धबडग्यात नटाला दोन गोष्टी शिकाव्याच लागत: पाठांतर आणि समोरच्याचे ऐकणे. पुढे ‘येस मिनिस्टर’ उभी राहिली ती या दोनच गोष्टींवर.

पॉल एडिंग्टन यांचा जन्म १९२७ चा, लंडनचा. क्वेकर पंथाच्या शाळेत शिकलेला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी फिरणाऱ्या ‘एन्सा’ या संस्थेतून रंगभूमीवर आला. नंतर बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथील रेपर्टरी संस्थांत त्यांनी उमेदवारी केली. पन्नाशीच्या दशकात दूरचित्रवाणीवरील ‘रॉबिन हुड’मध्ये ते दिसले. १९६८ च्या ‘द डेव्हिल राइड्स आउट’ या हॅमर कंपनीच्या भयपटातही त्यांची भूमिका होती. चित्रपटाने मात्र त्यांना कधी फारसे जवळ केले नाही.

त्यांना घराघरांत नेले १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘द गुड लाइफ’ने. शहरातील नोकरी सोडून घराच्या अंगणात भाजी पिकवणारे, डुकरे पाळणारे एक जोडपे आणि शेजारचे सुखवस्तू जोडपे, अशा चौघांची ही मालिका. एडिंग्टन त्यात शेजारी जेरी लेडबेटर होते. त्यांच्या वाट्याला पेनेलोपी कीथ यांच्यासारखी तिखट पत्नी आणि रिचर्ड ब्रायर्स यांच्यासारखा उत्साही मित्र. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकून घेण्याचेच काम अधिक. तेच त्यांनी सोन्यासारखे केले.

चौथ्या कलावंत फेलिसिटी केंडल यांचे मुंबईशी नाते आहे. वडील जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटक मंडळीबरोबर त्यांचे बालपण भारतभर भटकण्यात गेले. १९६५ च्या ‘शेक्सपिअरवाला’ चित्रपटातील नायिका त्याच. थोरली बहीण जेनिफर यांनी शशी कपूर यांच्याशी विवाह केला आणि १९७८ मध्ये त्या दोघांनी जुहूला पृथ्वी थिएटर उभारले. धाकटी बहीण इंग्लंडच्या दिवाणखान्यांत लोकप्रिय झाली तो काळ नेमका तोच.

नायजेल हॉथॉर्न यांची वाट अधिक खडतर होती. १९२९ मध्ये कॉव्हेंट्रीत जन्मलेले हॉथॉर्न लहानपणीच डॉक्टर वडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले. केप टाउनमध्ये त्यांनी १९५० मध्ये रंगभूमीवर पदार्पण केले. पुढल्याच वर्षी नशीब काढण्यासाठी ते लंडनला आले, पण काम मिळेना; तेव्हा पुन्हा दक्षिण आफ्रिका गाठली. साठीच्या दशकात ते परतले ते कायमचे. जोन लिटलवूड यांच्या नाट्यसंस्थेत त्यांनी कामे केली. दूरचित्रवाणीवर ‘डॅड्स आर्मी’सारख्या मालिकेत एखादा क्षणभराचा प्रवेश मिळे, तेवढाच. १९७७ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘प्रायव्हेट्स ऑन परेड’मधील मेजर फ्लॅकने त्यांना प्रतिष्ठा दिली. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातही ते छोट्या भूमिकेत आहेत. पुढच्या वेळी चित्रपट पाहताना जरूर शोधावेत.

सर हम्फ्रीची लांबलचक वाक्ये आज दंतकथेसारखी सांगितली जातात. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी ती मुद्दाम अशी रचली की शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरावा. चित्रीकरण स्टुडिओत प्रेक्षकांसमोर होई, त्यामुळे अडखळायला वाव नव्हता. हॉथॉर्न ही वाक्ये एखाद्या गवयाने तान घ्यावी तशी घेत. त्यांना या भूमिकेसाठी चार वेळा ‘बाफ्टा’ मिळाले. एडिंग्टन यांना एकदाही नाही. हा न्याय मला तरी पटत नाही. हम्फ्रीचे वाक्य संपते आणि प्रेक्षक हसतो तो हॅकरचा चेहरा पाहून. गोंधळ, मग समजल्याचा आव आणि मग उडालेली धांदल हे सारे एडिंग्टन एका शब्दाविना दाखवत. मात्र अशा अभिनयावर परीक्षकांची नजर सहसा जात नाही.

मार्गारेट थॅचर या मालिकेच्या चाहत्या होत्या. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी या दोघांबरोबर एक प्रहसन चक्क स्वतः सादर केले. सत्तेची खिल्ली उडवणाऱ्यांना सत्तेनेच मंचावर ओढावे, हा प्रकार दोन्ही नटांना अवघड वाटला. पण नकार देणार कसा? हॅकरलाही तो देता आला नसता.

मालिका संपल्यावर हॉथॉर्न यांनी स्वतःला सर हम्फ्रीतून मोठ्या जिद्दीने सोडवून घेतले. ब्रॉडवेवरील ‘शॅडोलँड्स’साठी १९९१ मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नॅशनल थिएटरमध्ये ॲलन बेनेट यांच्या नाटकात त्यांनी वेडाने ग्रासलेला राजा तिसरा जॉर्ज उभा केला. १९९४ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि हॉथॉर्न यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. आनंदाच्या त्याच दिवसांत वृत्तपत्रांनी त्यांच्या समलिंगी असण्याचा आणि सहचराचा गाजावाजा केला. खासगीपण जपणाऱ्या या माणसाला ते फार लागले. १९९९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब लाभला. त्याच वर्षी जपानी दिग्दर्शक युकिओ निनागावा यांच्याबरोबर त्यांनी ‘किंग लियर’ केला, पण बहुतेक समीक्षकांना तो रुचला नाही. २६ डिसेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

एडिंग्टन रंगभूमीवरच रमले. १९८२ मध्ये ‘नॉइजेस ऑफ’च्या मूळ संचात ते होते. १९९२ मध्ये ‘नो मॅन्स लँड’मध्ये खुद्द नाटककार हॅरॉल्ड पिंटर त्यांचे सहकलाकार होते. पण या साऱ्या काळात ते एक आजार अंगावर वागवत होते. तिशीच्या आतच त्यांना त्वचेच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले होते. निर्माते काम देईनासे होतील, या धास्तीने जवळपास चार दशके त्यांनी ते जगापासून लपवले. जेरी आणि हॅकर या भूमिका त्यांनी त्याच अवस्थेत केल्या. १९९४ मध्ये चेहऱ्यावरील बदल झाकणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी आजार उघड केला. त्याच वर्षी ते जुने मित्र रिचर्ड ब्रायर्स यांच्याबरोबर डेव्हिड स्टोरी यांच्या ‘होम’मध्ये रोज रंगमंचावर उभे राहत होते. आपल्याविषयी लोकांनी काय म्हणावे, असे एका मुलाखतीत विचारले असता, या माणसाने फारसे कोणाचे नुकसान केले नाही एवढे म्हटले तरी पुरे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यानंतर काही दिवसांतच, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी, ते गेले.

खासगी सचिव बर्नार्ड झालेले डेरेक फोल्ड्स जानेवारी २०२० मध्ये निवर्तले. लेखकांपैकी अँटनी जे २०१६ मध्येच गेले होते. त्यापूर्वी २०१० मध्ये या दोन्ही लेखकांनी ‘येस प्राइम मिनिस्टर’ हे नाटक चिचेस्टरच्या रंगमंचावर आणले. त्यात डेव्हिड हेग हॅकर होते आणि हेन्री गुडमन सर हम्फ्री.