चिंध्यांच्या उश्या आणि मताचा हक्क



ब्लाउज बेतला की कापडाचे कोपरे उरतात. जुनी लुगडी विरली तरी पदराचा भाग धड असतो. त्यांची आपण गोधडी शिवतो, कुणी तिला वाकळ म्हणतं. उरलेल्या तुकड्यांत उशीचा अभ्राही होतो. आज अशाच तुकड्यांचा इतिहास ऐकू या. तो आहे दूर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला.

तिथे नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामी संपली, पण जमीन मळेवाल्यांचीच राहिली. घरं लाकडी, फटींतून थंडी आत यायची. मग बाया शेतात घालून विटलेले कपडे आणि रिकाम्या पोत्यांचं कापड जोडून गोधड्या शिवायच्या.

१९६० नंतर हे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला निघाले. तालुक्याचं गाव नदीपलीकडे होतं. १९६२ मध्ये तिकडे जाणारी तरच बंद झाली, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. नाव नोंदवलं म्हणून कित्येकांना राहत्या जागेवरून हुसकावून लावलं.

१९६५ च्या अखेरीस फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्यांना या भागात दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी काही गोधड्या विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला. मार्च १९६६ मध्ये बायांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. म्हणजे स्वातंत्र्यासाठी एकत्र बसून गोधड्या शिवणाऱ्या बाया. एस्टेल विदरस्पून या त्यांच्यातल्याच बाईंनी अनेक वर्षं कारभार पाहिला.

संस्थेने जमीन घेतली. १९६९ मध्ये तिथे शिवणकेंद्र उभं राहिलं. त्याच जमिनीतले काही तुकडे हुसकावलेल्या कुटुंबांना घरासाठी विकले. सुईदोऱ्याच्या कमाईतून बेघरांना हक्काची जागा मिळाली.

१९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या कंपनीचं काम मिळालं. कॉरडरॉय, म्हणजे उभ्या रेघांचं जाड मऊ कापड, त्याचे उशीचे अभ्रे शिवायचे. काम नियमित, मजुरी ठरलेली. पण सगळे अभ्रे अगदी सारखे हवेत. जिने आयुष्यभर मनाला येईल तसा तुकडा जोडला, तिने आता मापात शिवायचं.

उरलेले तुकडे मात्र बाया घरी नेत. तांबड्या, सोनेरी, हिरव्या कॉरडरॉयच्या गोधड्या घराघरांत झाल्या, प्रत्येकीची जोडणी निराळी. २००२ मध्ये या गावच्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं. २००६ मध्ये त्यांच्या चित्रांची टपाल तिकिटं निघाली. ज्यांना चिंध्या म्हणायचे, त्या भिंतीवर मानाने लागल्या.

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटांनाही पिशव्या, अभ्रे, गोधड्यांची कामं येतात. पैसा हवाच, त्या बायांनाही हवा होता. पण भाव ठरवताना टाके घालायला लागलेले तास मोजले का? नफ्यातून गटाच्या नावावर काय उभं राहिलं? आणि उरलेल्या तुकड्यांत आपल्या मनासारखं शिवायला जागा राहिली का? पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीसोबत हे तीन प्रश्नही घेऊन बसू या.