अभिप्रायार्थ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आंबेगांव तालुक्यांतील शिनोली या गांवीं आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. आमचे यजमान पेन्शन घेतलेले शाळामास्तर. एके दिवशीं दुपारीं त्यांनीं माळ्यावरची आपल्या वडिलांची लांकडी पेटी खालीं उतरविली आणि "सर, तुमच्या कामाचें यांत कांहीं निघतें का पाहा," असें म्हणून ती आमच्यापुढें ठेविली. पेटींतील बहुतेक कागद कसरीनें खाल्ले होते. हातीं धरण्यासारखीं दोनच पुस्तकें उरलीं होतीं. एक होता कवितासंग्रह. त्याच्या कोऱ्या पानावर कवीनें स्वहस्तानें 'अभिप्रायार्थ सप्रेम' असें लिहिलें होतें. पण आंतल्या कित्येक पानांच्या घड्या कापल्याच गेल्या नव्हत्या. म्हणजे तें पुस्तक घरांत आल्यापासून कोणीं उघडून वाचलें नव्हतें! दुसरें पुस्तक शेतीविषयक. त्याला ना वेष्टन, ना पहिलीं पानें. कडा झिजलेल्या, जागोजाग दिव्याच्या तेलाचे डाग. तें वडिलांनीं बाजारांतून विकत आणलें होतें, आणि रात्रीं ओसरीवर बसून ते तें चारचौघांस मोठ्यानें वाचून दाखवीत, असें यजमानांनीं सांगितलें.

फुकट आलेलें पुस्तक कोरें राहिलें आणि पैसे मोजून घेतलेलें वाचून वाचून झिजलें. एका पेटीवरून सिद्धान्त बांधूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि पुस्तक फुकट दिल्यानें त्याला वाचक मिळतो काय, आणि मिळत नसेल तर कां मिळत नाहीं, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत राहिला. मराठी ग्रंथांच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर कितपत सांपडतें, हें आज पाहावयाचें आहे.

दान ही गोष्ट या मुलखाला नवीन नाहीं. शिनोलीच्या उत्तरेस जुन्नरभोंवतीं जीं लेणीं आहेत, त्यांत सातवाहनकाळींच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. इरिल, चिट व चंद हे तीन यवन त्यांपैकींच होत. एकानें पाण्याचीं टाकीं दिलीं, दुसऱ्यानें भोजनमंडप, तिसऱ्यानें गर्भद्वार. दात्यानें आपलें नांव कोरविलें आणि तो निघून गेला. पाणी गोड लागलें कीं नाहीं, याविषयीं त्यानें कोणाचा अभिप्राय मागितला नाहीं. पुढें पोथ्यांच्या काळींहि पुराणाची प्रत लिहवून ती दान करणें हें पुण्यकर्मच समजलें जाई. घेणारानें ती वाचली तर उत्तम. न वाचतां रेशमी रुमालांत बांधून देव्हाऱ्यांत ठेविली, तरी देणाराच्या पुण्यांत उणें येत नसे.

छापखाना आला आणि या दानाचें रूप पालटलें. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून १८१७ सालीं पहिली मराठी धर्मपुस्तिका बाहेर पडली. तेव्हांपासून अशा पुस्तिका जत्रांतून व बाजारांतून लोकांस मोफत वांटण्याचा प्रघात पडला. येथें देणाराला पुण्य नको होतें, वाचक हवा होता. याच मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून गणपत कृष्णाजी या उद्योगी गृहस्थानें स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ सालीं छापील पंचांग विक्रीस आणलें. छापण्याच्या शाईंत चरबी असते, म्हणून सोंवळे लोक छापील कागदास शिवत नसत. त्यांच्यासाठीं या गृहस्थानें तुपांतली शाई तयार केली. परिणाम पाहण्यासारखा आहे. धर्माची पुस्तिका फुकट मिळूनहि पुष्कळांनीं ती दूर सारली. पंचांगाला मात्र दाम मोजून घरोघर जागा मिळाली. कारण उघड आहे. एकांत देणाराची गरज होती, दुसऱ्यांत घेणाराची.

यानंतर ग्रंथकारांच्या इतिहासांत एक निराळेंच प्रकरण सुरू होतें. पेशवाईंत विद्वानांस दक्षिणा वांटीत असत. इंग्रजी अमलांत त्या रकमेचा कांहीं भाग देशी भाषेंतील ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे लावावा, अशी मागणी लोकहितवादी प्रभृति मंडळींनीं १८४९ सालीं केली. आणि लवकरच दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. हेतु चांगला होता. पण त्यामुळें ग्रंथकाराचा पहिला वाचक पुस्तक विकत घेणारा गृहस्थ न राहतां कमिटीचा सभासद झाला. ग्रंथ पाठवावयाचा, अभिप्रायाची वाट पाहावयाची, तो अनुकूल पडला तर बक्षीस व आश्रय, नाहीं तर ग्रंथ घरीं. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं लिहिलेलें 'तृतीय रत्न' हें नाटक या कमिटीकडे पाठविलें होतें. तेथील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनींच 'गुलामगिरी'त लिहून ठेविलें आहे. तें नाटक त्यांच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. न वाचणारा अभिप्रायदाता ग्रंथाचें नुकसान करतो हें खरेंच. पण ज्याला ग्रंथाची अडचण वाटते असा अभिप्रायदाता त्याहून अधिक करतो.

कमिटीच्या आश्रयाहून वेगळा असा स्वतंत्र परीक्षक मराठींत उभा राहिला तो मासिकांबरोबर. १८६७ सालीं 'विविधज्ञानविस्तार' सुरू झालें, १८७४ सालीं 'निबंधमाला' निघूं लागली. नव्या पुस्तकांच्या प्रती मासिकांकडे येऊं लागल्या, 'साभार पोंच' हें सदर रूढ झालें, आणि त्याबरोबर एक नवाच पेंच उत्पन्न झाला. दानाच्या गाईचे दांत मोजूं नयेत, अशी आपल्याकडील रीत. परीक्षकाचें काम तर नेमकें दांत मोजण्याचें! ज्यानें आपणांस पुस्तक भेट दिलें, त्याचे दोष चारचौघांत कसे सांगावे? या पेंचांतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'अभिप्राय': भाषा सुबोध आहे, विषय उपयुक्त आहे, प्रत्येकानें संग्रहीं ठेवावें. असे अभिप्राय ग्रंथकार पुढल्या आवृत्तीच्या शेवटीं ओळीनें छापूं लागले. त्यांत कोणाचें नुकसान नाहीं असें वरवर पाहतां वाटतें. नुकसान होतें तें वाचकाचें. कारण सगळ्याच पुस्तकांची सारखी स्तुति झाली म्हणजे त्याला निवड करतां येत नाहीं, आणि हळूहळू तो स्तुतीवर विश्वास ठेवीनासा होतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या लेखणीची धार या ठिकाणीं कामास आली. जॉन्सन व मेकॉले हे त्यांचे आवडते लेखक. आश्रयदात्याच्या दारांत ताटकळण्याचा वीट येऊन जॉन्सननें १७५५ सालीं चेस्टरफील्ड यास लिहिलेलें पत्र इंग्रजी वाचकांत प्रसिद्धच आहे. मेकॉलेनें १८३० सालीं मॉन्टगोमरी नांवाच्या कवीवर लिहितांना, पुस्तकविक्रे व लेखक मिळून खोट्या स्तुतीनें पुस्तक कसें फुगवितात, याचा खरपूस समाचार घेतला होता. ग्रंथांवर टीका झालीच पाहिजे, भीड धरून वाङ्मय वाढत नाहीं, ही दृष्टि शास्त्रीबोवांनीं मराठींत रुजविली. त्यांच्या टीकेला पक्षपाताचा दोष नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. जोतीरावांच्या ग्रंथांवर त्यांनीं जें लिहिलें, त्यांत परीक्षणापेक्षां उपहासच अधिक. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्यांच्यावर ते तुटून पडले, त्यांचे ग्रंथ त्यांनीं वाचले होते. न वाचतां केलेल्या गोड स्तुतीपेक्षां वाचून केलेली कडू टीका ग्रंथाला अधिक मान देते.

याच सुमारास ग्रंथकारांना एकत्र आणण्याची खटपट न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांनीं चालविली. पुण्यास १८७८ सालीं पहिली ग्रंथकारसभा भरली, दुसरी १८८५ सालीं. आजच्या साहित्यसंमेलनांचें मूळ तेंच. दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीरावांनीं पत्र लिहून नाकारलें, हें सर्वश्रुत आहे. तें पत्र त्याच सालीं 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालें. ज्या ग्रंथकारांचा सामान्य कष्टकऱ्याशीं संबंध नाहीं, त्यांच्या मेळ्यांत आपल्या लोकांना काय लाभ, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हें केवळ रागाचें बोलणें म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारण वाचक कसा मिळवावा, याचें एक निराळें उदाहरण त्यांनीं दोनच वर्षांपूर्वीं घालून दिलें होतें, आणि तें या जुन्नर भागांतच.

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ जोतीरावांनीं १८८३ सालीं पूर्ण केला. त्याच्या उपोद्घातांत त्यांनीं नमूद केलें आहे कीं, या ग्रंथांतील कांहीं भाग आपण मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादि ठिकाणीं लोकांस वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनींहि ते ऐकिले. या यादींतील जुन्नर व ओतूर हीं नांवें आम्हीं पूर्वीं अनेकदां वाचलीं होतीं. परंतु शिनोलीच्या ओसरीवर त्यांचा अर्थ आम्हांस नीट कळला. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला मोफत प्रत देऊन काय उपयोग? जोतीरावांनीं प्रत दिली नाहीं. आवाज दिला, वेळ दिला, आणि ज्यांच्याविषयीं ग्रंथ लिहिला त्यांच्यासमोर बसून तो पारखून घेतला. शेतसारा, कर्ज, कुळकर्ण्याची लेखणी यांविषयींचा मजकूर खरा कीं खोटा, हें ओतूरच्या शेतकऱ्याइतकें कोणता परीक्षक सांगूं शकला असता? पुढें मुंबईच्या 'दीनबंधु' पत्रानें या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि बाकीचीं छापण्याचें नाकारलें. सबंध ग्रंथ छापून निघालेला पाहणें ग्रंथकाराच्या नशिबीं नव्हतें. म्हणजे अभिप्राय नाहीं, बक्षीस नाहीं, छापील पुस्तकहि नाहीं. आणि तरी ऐकणारे मिळाले होते! सत्यशोधक समाजाचें मूळ जुन्नर-ओतूरच्या बाजूस घट्ट धरलें, त्याच्या कारणांत हीं वाचनें आम्ही अवश्य धरूं.

फुकट प्रतीची बाजू अजिबात लंगडी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. तिचें खरें सार्थक ग्रंथालयांत होतें. १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, १८९८ सालीं मुंबईस त्याच नांवाची संस्था निघाली. अशा संस्थांस भेट म्हणून दिलेली प्रत कोणा एकाच्या भिडेवर अवलंबून नसते. आज नाहीं तर पन्नास वर्षांनीं तिला तिचा वाचक गांठतो. १८६७ च्या कायद्यानें छापलेल्या ग्रंथाची प्रत सरकारांत दाखल करणें आवश्यक झालें आणि १९५४ च्या कायद्यानें ती ठराविक मोठ्या ग्रंथालयांकडे पाठविणें प्राप्त झालें. या सक्तीच्या प्रतींनींहि पुष्कळ ग्रंथ नाहींसे होण्यापासून वांचविले आहेत.

तेव्हां इतिहासावरून आम्हांस दिसतें तें असें: फुकट प्रत हें दान नव्हे, ती मागणी आहे. देणारा पुस्तक देतो आणि त्याच्या बदल्यांत घेणाराचे चार-सहा तास व खरें मत मागतो. प्रत स्वीकारणें म्हणजे हें ऋण स्वीकारणें. जेथें तें फिटलें, तेथें वाचक तयार झाले. जेथें गोड चार ओळींवर भागविलें, तेथें घड्या न कापलेलीं पुस्तकें पेट्यांत पडून राहिलीं.

हें लिहितांना आमचेहि हात स्वच्छ नाहींत. चार वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली पहिली कादंबरी आम्हांस अभिप्रायार्थ पाठविली होती. परीक्षेच्या पेपरांची घाई होती. आम्हीं प्रस्तावना चाळली, शेवटचीं दोन पानें पाहिलीं आणि 'ग्रामीण जीवनाचें हृद्य चित्रण' अशा धर्तीच्या चार ओळी लिहून दिल्या. त्यानें त्या मोठ्या आनंदानें छापल्या. पुढें भेट झाली तेव्हां त्यानें विचारलें, "सर, मधलें आजीच्या मरणाचें प्रकरण फार लांबलें का हो?" आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. तो समजला असावा. त्यानें विषय बदलला.

शिनोलीहून परत आल्यावर आम्हीं ती कादंबरी कपाटांतून काढली व तीन दिवसांत वाचली. आजीच्या मरणाचें प्रकरण लांबलेलें नाहीं. पुस्तकांतलें उत्तम तेंच आहे. लांबलें आहे तें त्यापुढचें. हें सर्व आम्हीं त्यास सविस्तर कळविलें, आणि चार ओळींबद्दल क्षमाहि मागितली. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.