पाव मैलाची गाडी

मंडळी, धावडा हे भोकरदन तालुक्यातले गाव आणि धावडा हे एक झाडही. त्याचे लाकूड मोठे चिवट. बैलगाडीचा आस करायचा तर जुने सुतार हेच लाकूड शोधत. तेव्हा धावड्याच्या मंडळींना गाडीची गोष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही, मग ती गाडी सातासमुद्रापलीकडची का असेना.

शंकरपट तुम्हांला ठाऊक आहे. सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन जोड्या, आणि काही सेकंदांत निकाल. अमेरिकेत मोटारींचा असाच पट भरतो. त्याला 'ड्रॅग रेसिंग' म्हणतात. त्यात वळण नाही, फेरा नाही. उभी गाडी एकदम सुटते, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर संपले की शर्यत संपली. तंबाखू मळून होईपर्यंत सगळा खेळ आटोपतो!

या खेळातले मोठे नाव म्हणजे डॉन गार्लिट्स. जन्म १९३२ चा, फ्लोरिडा प्रांतातला. तो मुलूख दलदलीचा, म्हणून आपल्या गाड्यांना त्यांनी नाव दिले 'स्वॅम्प रॅट', म्हणजे दलदलीतला उंदीर. पहिली, दुसरी, तिसरी असे त्यांचे क्रमांक.

पूर्वी या गाड्यांत इंजिन पुढे असे आणि चालक त्याच्या मागे. बैलांमागे धुरकरी बसतो तसाच म्हणा ना. पण बैल फुटत नाही, यंत्र फुटते. १९७० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात गाडी सुटता सुटता गिअरपेटीचा स्फोट झाला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. यांनी अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला, की इंजिन चालकाच्या मागे नेले तर? १९७१ मध्ये तशी गाडी घेऊन ते उतरले आणि जिंकले. आधी हसणारे लोक पुढे तशाच गाड्या बांधू लागले. किती पाय आणि किती जीव त्यामुळे वाचले असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

तिसाव्या 'उंदरा'ची गोष्ट तर औरच. चालकावर विमानासारखे पारदर्शक झाकण, पुढचे तोंड वारा कापणारे, पुढची चाके अगदी लहान. १९८६ च्या मार्चमध्ये ती ताशी २७२ मैलांवर गेली, म्हणजे सुमारे ४३८ किलोमीटर. २७० मैलांच्या पुढे या खेळात तोवर कोणी गेले नव्हते. त्याच उन्हाळ्यात एका शर्यतीत वारा खालून शिरला, गाडी घोड्यासारखी मागच्या चाकांवर उभी राहिली, गर्रकन फिरली आणि उलट दिशेला तोंड करून पुन्हा चाकांवर आली. गार्लिट्स सुखरूप! वय तेव्हा चोपन्न. त्या वर्षीचे अजिंक्यपदही त्यांनीच मिळवले.

१९८७ मध्ये ही गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहात दाखल झाली.

आपल्याकडे काय होते? पट जिंकलेल्या बैलांची नावे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. छकडी मात्र मोडली की चुलीत जाते. ती कोणी केली, आस कशाचा होता, हलकी व्हावी म्हणून सुताराने कुठे किती लाकूड तासले, हे विचारा. उत्तर मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४ पासून पट थांबले, २०२३ च्या निकालाने कायदेशीर वाट पक्की झाली. पण मधल्या वर्षांत किती छकड्या गेल्या असतील कोण जाणे.

गुरुजी, तुमच्या शाळेच्या पडवीत एका जुन्या छकडीपुरती जागा निघेल का? सुतार हयात असेल तर त्याच्याकडून मापे मुलांना लिहून घ्यायला सांगा.