स्प्रिंगा, सतरंजी आणि वस्तादाची नजर

येलहंकाला आल्यापासून संध्याकाळी आम्ही दोघं मेजर संदीप उन्नीकृष्णन मार्गावरून फेरी मारतो. २००८ साली ताज हॉटेलात लढताना वीरमरण आलेल्या त्या बहाद्दराचं नाव पाटीवर वाचलं की पाठ आपोआप ताठ होते. म्हणजे माझी होते. आमच्या सौ.ची होत नाही, कारण तिची कंबर दोन वर्षांपासून धरलेली आहे.

कारण शोधायला लांब जायला नको. आजवर सात पोस्टिंग झाल्या आणि प्रत्येक वेळी त्याच काळ्या ट्रंका, वर पांढऱ्या रंगात माझा नंबर, रँक, नाव. मी बहुतेक वेळा पुढे निघून गेलेला, त्यामुळे बांधाबांध आणि उचलाउचल तिच्या वाट्याला. माझी पाठ दुखली तर मेडिकल बोर्ड बसतो, कॅटेगरी ठरते, पुढची तारीख मिळते. तिच्या पाठीला कॅटेगरी नाही. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पोटापाठीचे स्नायू बळकट करायला सांगितले. तिने मोबाइलवर बघून व्यायाम केले आणि आठ दिवसांत दुखणं वाढवून घेतलं.

मग जवळच्या एका गल्लीतल्या काचेच्या दर्शनी भागाच्या स्टुडिओत ती पिलाटेसचा एक तास करून आली. आत लाकडी चौकटीची पलंगासारखी यंत्रं, त्यांना रिफॉर्मर म्हणतात. स्प्रिंगांना जोडलेली एक सरकती गादी, पट्ट्यांत हातपाय अडकवायचे आणि गादी ढकलायची-ओढायची. चार-पाच जणींच्या वर्गाला तासाला हजाराच्या आसपास. मी म्हणालो, "हजार रुपये देऊन पलंगावर लोळायचं? आमच्या तालमीत वर्षाची वर्गणी एवढी नव्हती."

ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या तालमीत बायकांना पाय तरी ठेवता येत होता का? आणि भरती झाल्यापासून तुम्हाला सरकारी उस्ताद मिळाला. मला कोण होतं?"

यावर उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी इतिहासात शिरतो.

जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस, जन्म १८८३ चा, म्योन्शनग्लाडबाख गावचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला आधी लँकेस्टरला आणि मग आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर नॉकेलोच्या छावणीत डांबलं. तारेच्या कुंपणाआड वीस हजारांहून जास्त माणसं. काम नाही, सुटकेची तारीख नाही. अशा जागी आधी मन ढासळतं आणि मागोमाग शरीर, हे आपल्यापैकी ज्यांनी एकाकी पोस्टवर हिवाळा काढलाय त्यांना सांगायला नको. तिथे त्याने आपली कसरत पक्की केली आणि सोबतच्या कैद्यांना शिकवली. आजारी कैद्यांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा लावल्या आणि त्यातूनच हे यंत्र जन्मलं, अशी गोष्ट स्टुडिओवाले सांगतात. गोष्ट छान आहे, पण ती दंतकथेच्या खात्यात ठेवलेली बरी.

१९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर त्याने आणि क्लाराने व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बालान्शीन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यातले दिग्गज त्याच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला तो स्वतःचं नाव देत नसे. तो तिला 'कंट्रोलॉजी' म्हणे, म्हणजे शरीरावरच्या ताब्याचं शास्त्र. आणि माझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवर करायचे. यंत्राचा शोध लावणाऱ्यानेच घरी सतरंजीवर करायचा धडा लिहून ठेवला होता.

हे वाचून मी खूश झालो. म्हटलं, झालं, पैसे वाचले! पण १८८३ हे साल डोक्यात घोळत राहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डभोईला जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी आधी बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात शरीर घडवलं, मग माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी एक्स-रे लावून पाहिलं, 'योगमीमांसा' नियतकालिकातून मांडलं. पिलाटेसचा भर पोटाच्या स्नायूंवर आणि श्वासावर, यांचाही अभ्यास पोटाचा आणि श्वासाचा. एक १९६६ मध्ये गेले, दुसरा १९६७ मध्ये. एक न्यूयॉर्कात आणि एक लोणावळ्यात, पण दोघंही एकच करत होते. शिकणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून शिकवत होते.

आमच्या खटाव तालुक्यातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक. त्यांनी औंधच्या शाळांत नमस्कार सुरू केले, १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पण त्याआधी, १८९७ मध्ये, त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या नामांकित पहिलवानाची पुस्तकं आणि व्यायामाची सगळी साधनं विकत घेतली होती आणि दहा वर्षं नेमाने वापरली होती. मग मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. परदेशी साधनावर पैसा घालावा की घरचा व्यायाम करावा, हा माझ्या घरातला वाद औंधच्या वाड्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता! आणि राजेसाहेबांना वळवलं ते पुस्तकाने नाही, यंत्राने तर नाहीच, एका जाणत्या माणसाने.

इथे माझी खुशी उतरली. सतरंजी फुकट आहे, नमस्कार फुकट आहे, पिलाटेसचे ३४ व्यायामही फुकट. पण कंबर कुठे वाकतेय, श्वास कुठे अडतोय, हे सांगणारी नजर फुकट नाही. तालमीत ती वस्तादाची होती, पलटणीत उस्तादाची. शब्दही एकच. मला ती आयुष्यभर सरकारी खर्चाने मिळाली म्हणून मी तिची किंमत शून्य धरत होतो. मोबाइल बघून हिची कंबर का बिघडली, तेही तेव्हा कळलं. व्हिडिओ दाखवतो, पण तो आपल्याकडे बघत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला की 'पिलाटेस' हे योग किंवा कराटेसारखं व्यायामप्रकाराचं नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. पाटी पाहून शिक्षक कळत नाही. आणि कंबरदुखीबाबत २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने १० चाचण्या, ५१० रुग्ण तपासून जे मांडलं ते असं: काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसने फायदा होतो, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा ठोस पुरावा नाही. म्हणजे स्प्रिंगांत जादू नाही.

मग आम्ही बसून ठरवलं. बारा तास घ्यायचे, वर्षाचं पॅकेज नाही. आधी डॉक्टरांची परवानगी. वर्ग लहान हवा, शिकवणारीने पहिल्याच दिवशी दुखणं विचारायला हवं, आणि अर्धे तास तरी जमिनीवरचे हवेत, म्हणजे ते घरी आणता येतील. पहिल्या स्टुडिओत "आमचा क्रम ठरलेला असतो" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी शिकवणारीने आधी हिला चालून दाखवायला सांगितलं, मग वाकून. तिथे पैसे भरले.

बारा तास संपून तीन महिने झाले. दुखणं पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी हॉलमध्ये सतरंजी पडते, वीस मिनिटं जातात, आणि ती आता पाण्याची बादली उचलताना गुडघ्यात वाकते, कंबरेत नाही. परवा मी शेजारी झोपून पाय उचलायला गेलो तर म्हणाली, "कंबर वर येतेय तुमची. श्वास सोडा आधी." पंचवीस वर्षं पीटी करून ही चूक मला कुणी दाखवली नव्हती.

तेव्हा निवृत्त मित्रांनो, घरातून असा प्रश्न आला तर फीचा आकडा ऐकून हसू नका. यंत्राचे पैसे देत असाल तर महाग आहे. नजरेचे देत असाल, आणि ती नजर शिकून घरी येणार असेल, तर बारा तास परवडतात. पुढच्या पोस्टिंगचा हुकूम कधीही येईल. या वेळी ट्रंका मी भरणार आहे, एवढं मात्र ठरलंय.

जय हिंद.