खानदेशातील फोटो आणि फोटोवाले

भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांना एप्रिल १८७९मध्ये मातीआड करण्यात आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १८४४ साली नेमले होते. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली तैलचित्रे लंडनला गेली आणि त्यांपैकी बहुतेक चित्रे डिसेंबर १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. एवढी कथा अनेकांना ठाऊक असते. परंतु मधल्या काळात गिल यांच्या हाती कॅमेरा आला होता हे फारसे सांगितले जात नाही. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला प्रसिद्ध झाली. एकात ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात १०० दुहेरी छायाचित्रे होती. ही दुहेरी छायाचित्रे भिंगाच्या पेटीतून पाहिली म्हणजे लेण्यांना खोली येते. फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती. कागदावर उतरवलेली खरीखुरी छायाचित्रे पानापानांवर चिकटवावी लागत. म्हणजे ती पुस्तके वस्तुतः अल्बमच होती.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. परंतु घाट उतरला की खानदेश लागतो. त्यामुळे या प्रदेशातील फोटोंच्या इतिहासाचा आरंभ आम्ही गिल यांच्यापासून धरतो. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन तो वाळण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि लगेच धुवावा लागे. वैशाखात येथे ओले धोतर पाव तासात खडखडीत वाळते. अशा हवेत ती काच ओली ठेवणे किती कठीण असेल याची कल्पना खानदेशी माणसालाच येईल.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे त्या आरंभीच्या पिढीतच या विद्येत निपुण झाली. १८५६पासून मुंबईत मूळ छायाचित्रे चिकटवलेला एक फोटो-अल्बम भागाभागाने निघू लागला. त्यात इमारती होत्या आणि निरनिराळ्या जातिजमातींचे 'नमुने' म्हणून उभी केलेली माणसे होती. नमुना म्हणून उभ्या केलेल्या माणसाला नाव नसते. नाव असलेला माणूस स्वतः पैसे मोजून कॅमेऱ्यापुढे बसू लागला, तेव्हा या व्यवसायाचा खरा जन्म झाला. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईच्या ताब्यात दिला. घरंदाज स्त्रीचा चेहरा परक्या पुरुषाने पाहावा की नाही, हा प्रश्न लहानसहान नव्हता. आमच्या प्रांतातही तो दीर्घकाळ टिकला आणि फोटोवाल्याला त्यातून वाट काढावी लागली.

खानदेशात ही विद्या रेल्वेने आली असे म्हणण्यास हरकत नाही. चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला तो १९०० साली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही नावे त्यांना पुढे मिळाली. कापसाच्या पेढ्या, गिरण्या, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या तसा फोटो काढून घेणारा वर्गही वाढला. स्टुडिओचे सामान साधेच असे. रंगवलेला पडदा, त्यावर कमान किंवा कधीही न पाहिलेले सरोवर, पुढे एक खांब, फुलदाणी आणि पाठ ताठ ठेवायला लावणारी खुर्ची. मागच्या बाजूला अंधारी खोली असे आणि तिला हायपोचा आंबूस वास असे. फोटोवाल्याचा खरा कस टचिंगमध्ये लागे. टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे व्रण बुजवायचे आणि डोळ्यांखालची काळजी पुसायची. मात्र माणूस ओळखू आला पाहिजे. हे काम रात्री दिव्याखाली, डोळे फोडून चाले. गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नसे.

व्यवसाय सुगीचा होता. आखाजीच्या आगेमागे लग्नांची गर्दी उसळली की एका मुहूर्तावर चार गावांची बोलावणी येत आणि पावसाळ्यात दुकानात माशा मारायची वेळ येई. ख्रिस्ती कुटुंबांची लग्ने मात्र आगमनकाळ आणि उपवासकाळ टाळून होत असल्याने नाताळानंतरच्या दिवसांत आमच्याकडून त्याला थोडाफार आधार मिळे. विसार घ्यायचा, फिल्म आणि कागद उधारीवर आणायचे आणि उरलेली रक्कम अल्बम देताना वसूल करायची, असा हिशेब असे. लग्न झाले की घरात पैसा उरत नाही, हे फोटोवाल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कित्येक अल्बम दुकानातच पडून राहत, कारण ते सोडवायला कोणी येत नसे.

मोठ्या रोलवर बारा फोटो येत, तर साध्या डबा-कॅमेऱ्यात आठच. दोन रोलांत लग्न उरकायचे म्हणजे चोवीस क्षण निवडावे लागत. आज एका लग्नाचे दोन हजार फोटो निघतात. त्यांपुढे ही काटकसर हास्यास्पद वाटेल. पण त्या चोवीसांत कोणाला जागा मिळाली हे पाहिले तर त्या घराचा सारा व्यवहार उलगडतो. चर्चच्या पायऱ्यांवरच्या सामुदायिक फोटोत मधोमध वधूवर, त्यांच्या शेजारी धर्मगुरू, मग मामा, आत्या, साक्षीदार. रेल्वेतला नोकरदार जावई पुढच्या रांगेत. आणि ज्यांच्या कष्टाने मांडव उभा राहिला ती माणसे कडेला, अर्धी कापलेली. नोंदवहीत सही करतानाचा फोटो हटकून असे. त्या वहीत वधू, वर, त्यांचे आईबाप, साक्षीदार आणि धर्मगुरू यांचीच नावे येतात. बाकीच्या गोतावळ्याची नोंद फक्त अल्बम ठेवतो. काळ्या जाड पानांवर कॉर्नर लावून बसवलेले फोटो, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला बटर पेपर आणि मखमली किंवा रेक्झिनचे आवरण: असा अल्बम पाहुण्यांपुढे चहाच्या आधी ठेवला जाई.

याच अल्बमचा दुसरा उपयोग कोणी बोलून दाखवत नाही. घरातले माणूस निवर्तले की फोटोची शोधाशोध सुरू होते. आजीने उभ्या जन्मात स्टुडिओची पायरी चढलेली नसते. मग नातीच्या लग्नातल्या त्या सामुदायिक फोटोत, तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारा चेहरा सापडतो. फोटोवाला नखाएवढा तो चेहरा वेगळा काढून मोठा करतो. खांद्याच्या जागी पदर रंगवतो, मिटत आलेले डोळे ब्रशाने उघडतो, आजोबांना त्यांनी कधी न घातलेला कोट चढवतो. आमच्या धर्मग्रामातील घरांच्या भिंतींवर हार घातलेल्या ज्या तसबिरी आहेत, त्यांपैकी निदान काही अशा लग्नांतूनच आल्या आहेत. कलेच्या समीक्षकांनी या कारागिरीची दखल घ्यावी असे आम्हांस वाटते.

समीक्षकांनी खानदेशात दखल घेतली ती चाळीसगावच्या केकी मूस यांची, आणि ते योग्यच झाले. १९१२ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ इंग्लंडमध्ये कला शिकून आले आणि रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ बंदिस्त राहिले. पंजाब मेलने येणाऱ्या एका वाग्दत्त वधूची ते रोज वाट पाहत आणि गाडीच्या वेळी दार उघडे ठेवीत, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे त्यांनाच ठाऊक. टेबलावर कापूस, वाळू, काटक्या यांसारखी साधी सामग्री मांडून ते अशी छायाचित्रे घेत की पाहणाऱ्याला बर्फाळ मुलूख वा उजाड माळच दिसावा. त्यांना देशोदेशींचे शेकडो पुरस्कार मिळाले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते वारले. त्यांचा तो बंगला प्रतिष्ठानाने संग्रहालय म्हणून जपला आहे. लग्नाच्या वरातीमागे धावणारा फोटोवाला आणि दाराबाहेर न पडणारे मूस एकाच रेल्वेमार्गावर काम करीत होते. मूस यांच्या काचा आणि कागद जपले गेले. फोटोवाल्याचे काय झाले ते पाहावे.

१९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांसाठी छायाचित्र-ओळखपत्र आणले, तेव्हा पाड्यावरच्या माणसालाही कॅमेऱ्यापुढे बसणे भाग पडले. अनेकांचा तोच आयुष्यातला पहिला फोटो होता. तोवर रंगीत फिल्म स्थिरावली होती. यंत्र तासाभरात फोटो धुऊन देऊ लागले आणि टचिंगची पेन्सिल निवृत्त झाली. पुढे डिजिटल कॅमेरा आला, जाड पानांचा करिझ्मा अल्बम आला आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशात फोन आला. यात गंमत अशी की आजोबांचा कृष्णधवल फोटो आजही स्वच्छ आहे, कारण त्याची प्रतिमा चांदीची आहे. १९८० नंतरच्या दशकातील रंगीत अल्बम मात्र लालसर होऊन विटत चालले आहेत, कारण त्यांत रंगद्रव्ये आहेत. आईबापांपेक्षा लेकरांची लग्ने आधी पुसली जात आहेत.

ती चांदीच जुन्या निगेटिव्हच्या मुळावर आली. वापरलेल्या हायपोतून आणि फिल्ममधून चांदी काढणारे फिरत असत. स्टुडिओ बंद करणाऱ्याच्या मुलांनी बापाच्या पन्नास वर्षांच्या निगेटिव्हचे गठ्ठे किलोवर विकले तर त्यांना दोष कसा द्यावा? काचेच्या निगेटिव्ह गरम पाण्याने धुतल्या की तसबिरीला चांगली काच मिळे. एखाद्या गावाचे दोन पिढ्यांचे चेहरे अशा रीतीने मोरीतून वाहून गेले.

घरात उरलेल्या अल्बमांची गोष्ट वेगळी आहे. ते आपल्याच हातात आहेत. अलीकडे घरभेटीच्या वेळी आम्ही अल्बम मागून घेतो आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसतो. डावीकडून पहिला कोण, हा आमचा नेहमीचा प्रश्न. मऊ पेन्सिलीने, फार दाब न देता, फोटोच्या पाठीवर नावे लिहायची. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. चिकटून बसलेले फोटो ओढून काढू नयेत, नावे शेजारच्या कागदावर लिहावीत. बहुतेक ठिकाणी पुढची रांग पटापट भरते. मागच्या रांगेपाशी म्हातारी चष्मा पुसते, फोटो उजेडाकडे धरते आणि म्हणते, ही बाई आपल्याच घरची होती, भाकरी भाजायला आली होती, नाव आत्ता आठवत नाही, उद्या या.